मृत्युपत्र लिहायचे तर: नागपूरकरांसाठी पायरीपायरीने माहिती

मृत्युपत्राचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्टॅम्प पेपर किती रुपयांचा आणायचा? एका रुपयाचाही नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. साध्या कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलेले, नोंदणी न केलेले मृत्युपत्रही कायद्याने चालते. याउलट स्टॅम्पवर टाईप केलेले, वर नोटरीचा गोल शिक्का असलेले मृत्युपत्र कोर्टात पडू शकते, कारण साक्षीदारांच्या सह्या नियमाप्रमाणे झालेल्या नसतात किंवा कोणता प्लॉट कोणाला दिला तेच कळत नाही. म्हणून लोक जिथे पैसे आणि धावपळ खर्च करतात तिथे नव्हे, तर तीन ठिकाणी लक्ष द्या: मालमत्ता नेमकी तुमची किती, तिचे वर्णन कसे केले आहे आणि सही करताना समोर कोण होते. हा कागद वाचला जाईल तेव्हा तुम्ही खुलासा करायला नसाल.

मृत्युपत्र नसेल तर

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. नागपुरात बौद्ध कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांना आपला कायदा वेगळा असेल असे वाटते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. अनुसूचित जमातींना मात्र हा कायदा थेट लागू होत नाही. मुस्लिम व्यक्तीला साधारणपणे आपल्या संपत्तीच्या एक तृतीयांशापर्यंतच वसीयत करता येते. त्याहून जास्त द्यायचे असेल किंवा एखाद्या वारसालाच जादा द्यायचे असेल, तर इतर वारसांची संमती लागते. ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू आहे.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई या वर्ग १ च्या वारसांना सारखे हिस्से मिळतात. यातली आई बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. समजा, त्रिमूर्तीनगरात फ्लॅट असलेले गृहस्थ गेले. मागे पत्नी, दोन मुले आणि म्हातारी आई. फ्लॅटचे चार भाग पडले, त्यातला एक आईचा. काही वर्षांनी आई मृत्युपत्र न करता गेली की तिचा पाव हिस्सा तिच्या सगळ्या मुलामुलींकडे जातो. म्हणजे गेलेल्या गृहस्थांचे भाऊ-बहीण त्या फ्लॅटचे भागीदार होतात. पत्नीला फ्लॅट विकायचा असेल तर दीर आणि नणंद यांच्या सह्या लागतात. भांडण कोणाच्याच मनात नसते, तरी एखादा दीर परदेशात असला किंवा एखादी नणंद आजारी असली की व्यवहार अडकतो. दोन पानांच्या मृत्युपत्राने हे टळते.

बायकांनी तर मृत्युपत्र करायलाच हवे. विवाहित स्त्री मूलबाळ नसताना, पतीच्या पश्चात मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः नोकरी करून घेतलेला फ्लॅटसुद्धा आधी पतीच्या वारसांकडे जातो. तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा क्रमांक त्यानंतर लागतो. आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी माहेरी परतते. आयुष्यभर ज्या बहिणीने सांभाळले तिला काहीच मिळत नाही आणि ज्यांच्याशी वीस वर्षे बोलणे नाही ते पुतणे हक्क सांगतात. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ चा हा परिणाम टाळायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे मृत्युपत्र.

पहिली पायरी: कागद बाहेर काढा

मसुदा नंतर. आधी प्रत्येक मालमत्तेचा मूळ कागद समोर ठेवा आणि तिच्यावर आज कोणाचे नाव आहे ते पाहा. आजोबांच्या नावावर असलेले घर नातू आपल्या मृत्युपत्रात लिहून ठेवतो, हे सर्रास घडते. असे घर आधी आपल्या नावावर चढवून घ्या. नाही तर किमान त्यातला स्वतःचा हिस्सा कोणता, तेवढाच लिहा.

शहरातल्या जुन्या भागात, म्हणजे महाल, इतवारी, सीताबर्डीकडे, आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा. त्यात शीट नंबर, सिटी सर्व्हे नंबर आणि धारणाधिकार दिसतो. जमीन नझुलाची, म्हणजे सरकारी मालकीची, असेल तर तुम्ही मालक नसून पट्टेदार आहात, आणि मृत्युपत्राने भाडेपट्ट्याचा हक्कच पुढे जातो. नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजच्या प्लॉटचेही तेच. लीज डीडमध्ये दोन गोष्टी पाहा: मुदत कधी संपते आणि हस्तांतरणाची अट काय आहे. मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण आधी करून घ्या, भुईभाडे थकले असेल तर भरून टाका. हे राहून गेले की पुढे वारसांना नाव चढवताना दंड, थकबाकी आणि नूतनीकरण या तिन्ही गोष्टी एकदम निस्तराव्या लागतात.

गुंठेवारीतले, म्हणजे मंजुरीविना प्लॉट पाडलेले, लेआउट असेल तर आरएल (नियमितीकरण पत्र) मिळाले आहे का ते पाहा. नुसती इसारचिठ्ठी, कब्जापत्र किंवा मुखत्यारपत्र यांवर घेतलेला प्लॉट असेल तर थांबा. या कागदांनी मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. जे तुमच्याकडे नाही ते मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. विकणारा हयात आहे तोवर त्याच्याकडून नोंदणीकृत विक्रीपत्र करून घेणे हे मृत्युपत्रापेक्षा तातडीचे काम आहे.

फ्लॅटसाठी तुमच्याकडे नोंदणीकृत विक्रीपत्र आहे की अपार्टमेंट डीड, ते पाहा. त्यात जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्केवारीत दिलेला असतो. तो आकडा मृत्युपत्रात जसाच्या तसा यायला हवा.

काटोल, नरखेड, सावनेरकडे शेती असेल तर ताजा सातबारा आणि आठ-अ काढा. भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटींवर मिळालेली जमीन) असेल तर हस्तांतरणाच्या अटी वेगळ्या असतात. कुटुंबाबाहेरच्या, शेतकरी नसलेल्या व्यक्तीच्या नावे शेत लिहिणार असाल तर मसुद्याआधी वकिलाचा सल्ला घ्याच. विदर्भाला १९५८ चा स्वतंत्र कुळवहिवाट कायदा लागू आहे, आणि अशी शेतजमीन मृत्युपत्रानेही देता येते का हा प्रश्न कोर्टापर्यंत जाऊ शकतो. दोन एकर संत्र्याची बाग तीन मुलांत ‘समान वाटून घ्यावी’ असे लिहू नका. विहीर कोणाच्या वाट्याला, वहिवाटीचा रस्ता कुठून, मोटारीचे वीज कनेक्शन कोणाच्या नावे, हे लिहिल्याशिवाय वाटणी होत नाही. शिवाय तुकडेबंदी कायद्यामुळे लहान तुकड्यांची नोंद अडते. अशा वेळी शेत एकाला आणि शहरातला प्लॉट दुसऱ्याला, अशी विभागणी पुष्कळदा सोपी पडते.

वडिलोपार्जित मालमत्तेबाबत दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक, ‘बाप जिवंत आहे तोवर सगळे बापाचे.’ एकत्र कुटुंबाच्या सहदायकी, म्हणजे जन्मानेच हिस्सा मिळणाऱ्या, मालमत्तेत मृत्युपत्र फक्त स्वतःच्या हिश्शाचे करता येते. २००५ च्या दुरुस्तीने मुलीही जन्मतः सहदायक झाल्या आहेत, वडील त्या दुरुस्तीपूर्वी वारले असले तरीही. विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे पक्के केले. दुसरा गैरसमज असा की वडिलांकडून आलेले सगळे आपोआप वडिलोपार्जित असते. १९५६ नंतर वडिलांकडून कलम ८ प्रमाणे वारशाने मिळालेला हिस्सा सामान्यतः तुमचा स्वतःचा असतो आणि त्याचे मृत्युपत्र पूर्ण करता येते. तुमची मालमत्ता कोणत्या प्रकारात बसते, हे जुने फेरफार आणि वाटणीपत्र पाहूनच ठरते.

दुसरी पायरी: मसुदा

मराठीतच लिहा. साक्षीदारांना आणि घरच्यांना कळणारी भाषा हवी. सुरुवात नेहमीची: पूर्ण नाव, वय, पत्ता, हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाविना लिहून ठेवत आहे, आणि या आधीची सगळी मृत्युपत्रे रद्द समजावीत. हे शेवटचे वाक्य गाळू नका. दोन मृत्युपत्रे सापडली आणि दुसऱ्यात हे वाक्य नसले, तर दोन्ही एकत्र वाचून अर्थ लावत बसावे लागते.

मग कुटुंबातल्या प्रत्येकाचे नाव लिहा, ज्यांना काही देणार नाही त्यांचेही. नाव नसेल तर ‘बाबांना आठवलेच नाही, म्हणजे शुद्धीत नव्हते’ असा बचाव उभा राहतो. नाव असेल आणि पुढे एका ओळीत कारण असेल, जसे ‘माझी मुलगी हिच्या घरासाठी मी यापूर्वी आर्थिक मदत केली आहे, म्हणून तिला या मृत्युपत्रात हिस्सा ठेवलेला नाही’, तर तो निर्णय विचार करून घेतलेला दिसतो. कारण लिहा, आरोप लिहू नका.

मालमत्तेचे वर्णन कसे असावे ते पाहा. ‘माझे मानेवाड्याचे घर धाकट्याला द्यावे’ हे चालणार नाही. त्याऐवजी असे लिहा:

*मौजा मानेवाडा, प. ह. नं. अमुक, खसरा नं. अमुक मधील भूखंड क्रमांक अमुक, आराजी १३९.३५ चौ. मी. (१५०० चौ. फूट), त्यावरील तळमजला व पहिला मजला अशा संपूर्ण बांधकामासह, महानगरपालिका घर क्रमांक अमुक, चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस भूखंड क्रमांक अमुक, उत्तरेस भूखंड क्रमांक अमुक, दक्षिणेस भूखंड क्रमांक अमुक, ही मिळकत मला दिनांक अमुक रोजीच्या नोंदणीकृत विक्रीपत्र क्रमांक अमुक अन्वये मिळाली असून ती माझ्या पश्चात पूर्ण मालकी हक्काने माझा मुलगा श्री. अमुक यास मिळावी. तो माझ्या हयातीत वारल्यास ती त्याच्या मुलांना समान हिश्शाने मिळावी.*

‘त्यावरील संपूर्ण बांधकामासह’ हे शब्द गेले की प्लॉट एकाचा आणि वरचा मजला कोणाचा, हा वाद सुरू होतो. ‘तो माझ्या हयातीत वारल्यास’ हेही हवेच, कारण लाभार्थी आधी गेला तर ती देणगी कुठे जाईल याचे नियम गुंतागुंतीचे आहेत. चतुःसीमा विक्रीपत्रातून उतरवा, गच्चीवर उभे राहून अंदाजाने लिहू नका. शेजारच्या प्लॉटचा मालक बदलतो, भूखंड क्रमांक बदलत नाही. म्हणून सीमा नावाने न लिहिता क्रमांकाने लिहा.

पत्नीसाठी काय लिहायचे, इथे सर्वात जास्त चुका होतात. ‘माझ्या पश्चात घर पत्नीला आणि तिच्या पश्चात मुलांना’ हे वाक्य घरोघरच्या मृत्युपत्रांत असते आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या खटले चालले आहेत. पत्नी पूर्ण मालक झाली की तिला फक्त हयातीपुरता हक्क मिळाला, हे या वाक्यातून कळत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ नुसार स्त्रीला तिच्या आधीच्या, उदाहरणार्थ पोटगीच्या, हक्कापोटी मिळालेली मालमत्ता पूर्ण तिची होते, आणि मृत्युपत्राने नव्याने दिलेला मर्यादित हक्क मर्यादितच राहतो. कोणते कलम लागेल ते शब्दांवर आणि परिस्थितीवर ठरते. म्हणून मनात काय आहे ते आधी ठरवा. तिने गरज पडल्यास घर विकून दवाखान्याचा खर्च करावा असे वाटत असेल तर ‘पूर्ण मालकी हक्काने, विक्री, गहाण व बक्षीस करण्याच्या अधिकारासह’ असे लिहा आणि तिच्यानंतरचे तिच्यावर सोडा. घर मुलांना द्यायचे पण आईला कोणी बाहेर काढू नये असे असेल, तर मालकी मुलांना द्या आणि पत्नीला हयातीपर्यंत राहण्याचा, आणि भाडे येत असेल तर ते घेण्याचा हक्क स्पष्ट लिहा. आमचे मत विचाराल तर पहिला मार्ग बरा. म्हातारपणी बाईच्या हातात मालकीचा कागद असणे हा तिचा सर्वात मोठा आधार असतो.

पतिपत्नींनी मिळून एकच मृत्युपत्र करू नये. पहिला गेल्यावर दुसऱ्याला ते बदलता येते की नाही, हा वाद टाळायचा तर दोघांनी दोन कागद करावेत.

शेवटच्या कलमात ‘वर नमूद न केलेली व यापुढे मला मिळणारी सर्व स्थावर-जंगम मालमत्ता’ कोणाला, ते लिहा. हे नसेल तर नंतर घेतलेली एफडी मृत्युपत्राबाहेर राहते. मुले अज्ञान असतील तर पालक नेमा. अंमलबजावणीसाठी व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, नेमा आणि त्याला आधी विचारा. तुमच्यापेक्षा वयाने लहान, शक्यतो नागपुरातच राहणारा आणि हिशेबाचा पक्का असा माणूस हवा. बँकेचे, डीमॅटचे किंवा फोनचे पासवर्ड मृत्युपत्रात कधीही लिहू नका. नोंदणीकृत मृत्युपत्राची नक्कल तुमच्या मृत्यूनंतर अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळू शकते.

तिसरी पायरी: सही आणि साक्षीदार

भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम ६३ सांगते की मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा आणि किमान दोन साक्षीदारांनी साक्ष घालावी. प्रत्येक साक्षीदाराने तुम्हाला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ‘ही माझीच सही’ असे तुमच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि मग तुमच्या समोर स्वतः सही केलेली असावी. साक्षीदाराने मजकूर वाचणे आवश्यक नाही. कागद साक्षीदाराच्या घरी पाठवून सही आणणे ही नेहमीची चूक. ती झाली की मृत्युपत्र अडचणीत आलेच.

पुढे कोर्टात वाद झाला तर किमान एका साक्षीदाराला येऊन सांगावे लागते की हे माझ्यासमोर झाले. म्हणून साक्षीदार निवडताना त्याचे वय पाहा. पंच्याहत्तरीच्या माणसाने पंच्याहत्तरीच्या मित्रांना साक्षीला बसवणे ही मनाची गोष्ट झाली, कामाची नव्हे. चाळिशीतला शेजारी, ऑफिसातला सहकारी, नेहमीचे डॉक्टर हे चांगले साक्षीदार. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे तो आणि त्याचा जोडीदार साक्षीला नकोत. सहीच्या वेळी तर लाभार्थी खोलीतही नसावा. ज्याला सर्वात मोठा वाटा मिळाला त्यानेच वकील आणला, मसुदा सांगितला, गाडीतून नेले, असे दिसले की कोर्ट संशयाने पाहते आणि संशय दूर करण्याचा भार त्याच्यावरच येतो.

वय सत्तरीपुढचे असेल, अर्धांगवायू होऊन गेला असेल किंवा सही थरथरत असेल तर त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा. ‘प्रकृती ठीक आहे’ एवढे पुरे नाही. रुग्ण शुद्धीत आहे, विचारलेले समजून उत्तर देतो आणि आपल्या मालमत्तेबद्दल निर्णय घेण्यास सक्षम आहे, असे शब्द हवेत. प्रत्येक पानावर पानाचा क्रमांक, ‘पैकी’ एकूण पाने आणि सही. खाडाखोड झाली तर पान पुन्हा लिहा. सही झाल्यावर पेनने केलेला बदल पुन्हा साक्षीदारांसह सही केल्याशिवाय लागू होत नाही.

चौथी पायरी: नोंदणी करावी का?

सक्ती नाही, पण करा. नोंदणी शुल्क शंभर रुपये आणि त्यावर पानांप्रमाणे दस्त हाताळणी शुल्क, एवढाच खर्च. कोणत्याही सह दुय्यम निबंधक कार्यालयात आधार, पॅन आणि दोन साक्षीदारांसह जायचे. फोटो आणि अंगठ्याचे ठसे तिथे घेतले जातात, त्यामुळे ‘सही बाबांची नाहीच’ हा आरोप जवळजवळ संपतो. एक काळजी घ्या. निबंधकासमोर ओळख पटवायला दोन माणसे लागतात, आणि ती मृत्युपत्राची साक्षीदार असतीलच असे नाही. शक्यतो तीच दोन माणसे दोन्ही कामांसाठी न्या. निबंधकाचा शिक्का म्हणजे साक्षीदाराची सही नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी निबंधक घरी येऊ शकतात, त्यासाठी अर्ज आणि वेगळे शुल्क लागते.

मजकूर कोणालाच कळू नये असे वाटत असेल तर मृत्युपत्र लखोट्यात बंद करून जिल्हा निबंधकाकडे ठेव म्हणून ठेवता येते. ही सोय फार कमी लोकांना ठाऊक आहे. मूळ प्रत एकट्याच्या नावाच्या बँक लॉकरमध्ये मात्र ठेवू नका. लॉकर उघडायला वारसाचे कागद लागतात आणि वारसाचा कागद लॉकरमध्ये बंद!

मुंबईच्या जुन्या अनुभवावरून कोणी सांगेल की प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला, घ्यावेच लागते. नागपुरातल्या मालमत्तेबाबत हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती नाही. वाद असेल किंवा एखादी संस्था अडून बसली तर ते घेता येते.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

बँक खाते, शेअर, म्युच्युअल फंड, सोसायटीतला फ्लॅट यांचा नॉमिनी पैसा किंवा ताबा स्वीकारतो, खऱ्या वारसांसाठी. शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात हे पुन्हा सांगितले. आयुर्विम्यात २०१५ पासून आईवडील, जोडीदार किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना लाभाचा हक्क देणारी वेगळी तरतूद आहे. बँक खात्याला नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी ठेवता येतात. शहाणपणाची गोष्ट इतकीच की मृत्युपत्रातले नाव आणि नॉमिनीचे नाव एकच ठेवा. लग्नाआधी भरलेला पीएफचा फॉर्म आजच बदला, लग्नानंतर तो ग्राह्य राहत नाही.

बक्षीसपत्र आणि ट्रस्ट

राहते घर किंवा शेती पत्नी, पती, मुलगा, मुलगी, नातू, नात यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क केवळ दोनशे रुपये आहे, त्यावर स्थानिक अधिभार लागू असेल तो वेगळा. स्वस्त आहे म्हणून लोक घाई करतात. पण मृत्युपत्र मरेपर्यंत कितीदाही बदलता येते आणि बक्षीसपत्र साधारणपणे परत घेता येत नाही. केलेच तर ‘मला हयातीपर्यंत या घरात राहू देण्याच्या व सांभाळण्याच्या अटीवर’ हे वाक्य दस्तातच असू द्या. अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दस्त रद्द करण्याचा अर्ज करता येतो. अट कागदावर नसेल तर ही लढाई फार अवघड होते.

खासगी ट्रस्टची गरज बहुतेक घरांना नसते. मूल बौद्धिक दिव्यांग असेल, ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असेल, तर मात्र गंभीरपणे विचार करा. अशा मुलाच्या नावावर थेट फ्लॅट ठेवला तर तो सांभाळणार कोण? ट्रस्टमध्ये मालमत्ता विश्वस्तांच्या हाती राहते आणि खर्च मुलासाठीच करायचे बंधन असते. ट्रस्ट मृत्युपत्रातूनच स्थापन केला तर वेगळा मुद्रांक लागत नाही. किमान दोन विश्वस्त, त्यांच्यानंतर कोण, दरमहा खर्च कशावर, मूल गेल्यावर उरलेली रक्कम कोणाला, हे सगळे लिहा. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावे लागते. ते आईवडील हयात असतानाच घ्या आणि पुढच्या पालकाची ओळख समितीला करून द्या.

आजारपणाचे कागद

मुखत्यारपत्र मृत्यूबरोबर संपते. माणूस कोमात गेला किंवा स्मृतिभ्रंश झाला तरी कायद्याने ते संपते, म्हणजे नेमके गरज असते तेव्हाच. मग पालक नेमण्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावे लागू शकते. रोजच्या खर्चाचे खाते ‘दोघांपैकी एक किंवा हयात’ या पद्धतीने ठेवले तर निदान दवाखान्याचे पैसे अडत नाहीत.

बरे होण्याची आशा संपल्यावर व्हेंटिलेटरवर ठेवू नये, अशी इच्छा आधी लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही करायची, दंडाधिकारी लागत नाही. कोणते उपचार नकोत ते स्पष्ट लिहा आणि तुमच्या वतीने बोलणाऱ्या एकापेक्षा जास्त नातेवाइकांची नावे द्या. एक प्रत त्यांना, एक नेहमीच्या डॉक्टरांना, एक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. नागपुरात महानगरपालिकेच्या आरोग्य विभागात चौकशी करा. प्रत्यक्ष निर्णय रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळे घेतात. त्यामुळे मुलांशी आधी बोलून ठेवा. आयसीयूच्या दाराशी कागद पहिल्यांदा पाहणारा मुलगा बहुधा त्याला विरोधच करतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

देहदानाचा फॉर्म नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा एम्स या रुग्णालयांच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. शवविच्छेदन झालेला देह सहसा स्वीकारत नाहीत. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावे लागते. दोन्हींसाठी त्या वेळी घरच्यांची संमती लागतेच.

मागे राहिलेल्यांसाठी

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा आणि दाखल्याच्या भरपूर प्रती घ्या. नावाचे स्पेलिंग आधार आणि विक्रीपत्राशी जुळते का ते तिथेच तपासा, नंतरची दुरुस्ती फार वेळ खाते. गेलेल्या माणसाच्या एटीएम कार्डाने पैसे काढू नका, इतर वारसांनी आक्षेप घेतला तर ते अंगाशी येते. शेतीसाठी पटवाऱ्याकडे तीन महिन्यांत वर्दी द्या, शहरात आखीव पत्रिकेवर नगर भूमापन कार्यालयात, लीजचा प्लॉट असेल तर नागपूर सुधार प्रन्यासमध्ये, आणि घरटॅक्ससाठी महापालिकेच्या झोनमध्ये वेगळा अर्ज करावा लागतो. एका ठिकाणी नाव चढले म्हणून दुसरीकडे आपोआप चढत नाही. या कोणत्याही कार्यालयात मृत्युपत्राची मूळ प्रत देऊन टाकू नका. मूळ फक्त दाखवायची आणि सोबत नेलेली प्रमाणित प्रत जमा करून पोच घ्यायची.